कूलरमधली लोकर

मनीषनगरच्या सिग्नलवर संघपाल हर्षाच्या आयुष्यात आला, तेव्हा खरं तर तो निघून चालला होता.

झालं असं, की तिच्या स्कूटीच्या हुकाला लोकरीची पिशवी लटकलेली होती आणि शेजारच्या मोटरसायकलवर प्लायची एक लांब पट्टी बांधलेली होती. पिशवीतून डोकावणारं लोकरीचं टोक त्या पट्टीच्या कुसळात कधी अडकलं, कुणालाच कळलं नाही. सिग्नल सुटला, मोटरसायकल सुटली… आणि पिशवीतला निळा गुंडा टुणटुण नाचत उलगडायला लागला.

"ओ दादा! थांबा ना! माझी लोकर!"

बऱ्याच पुढे जाऊन तो थांबला. मागे वळून पाहिलं आणि पाहतच राहिला. रस्त्याच्या कडेने, थेट तिच्या स्कूटीपर्यंत, एक निळी रेघ हवेत थरथरत होती.

"बाप्पा!" तो तिथूनच ओरडला. "एका गुंड्यात एवढा धागा?"

"दोनशे मीटर," हर्षाही ओरडून म्हणाली. तिला राग यायला हवा होता. पण तो चार बोटांवर धागा गुंडाळत, एक गाठ न पडू देता, हळूहळू तिच्या दिशेने चालत येत होता. नखांत लाकडाचा भुसा, अंगठ्यावर जुनी खूण… आणि धागा मात्र असा धरलेला, जणू दुखेल त्याला.

"सुताराले दोरी गुंडाळता आली पाहिजे ना," तो हसला. "फर्निचरचं काम करतो मी. घ्या तुमचा गुंडा."

"कपाट बनवता?" ती बोलून गेली. "लोकरीसाठी पाहिजे होतं मले."

कपाटाची गरज खरीच होती. हर्षा रामदासपेठेतल्या एका पॅथॉलॉजीत तंत्रज्ञ होती. दिवसभर रक्ताच्या नळ्या हाताळून घरी आली की तिला हातात मऊ काहीतरी लागायचं. बिस्किटाच्या डब्यातल्या दोन गुंड्यांपासून सुरुवात झाली. मग डबा पुरेना. लोकर दिवाणात शिरली, बॅगांत शिरली, गव्हाच्या रिकाम्या कोठीत शिरली. बर्डीच्या बाजारात चक्कर झाली की एखादी लडी घरी यायचीच. दिवाळीनंतर कूलर बंद झाला, तेव्हा त्याच्या पोटातही तिने साठ-सत्तर गुंडे कोंबले. आता फेब्रुवारी सरत आला होता आणि तिच्या आईने, वंदनाताईंनी, निकाल दिला होता.

"हे पाह्य वं हर्षा, या घरात एक तर कूलर चालन, नाही तर तुझी लोकर राहीन."

रविवारी सकाळी संघपाल हुडकेश्वरला तिच्या घरी आला. कानाला पेन्सिल, हातात टेप.

"सगळी काढा बाहेर. पाहिल्याशिवाय माप कसं घेऊ?"

"सगळी?" हर्षाचा आवाज खोल गेला. आजवर तिने ती स्वतःलाही एकत्र दाखवली नव्हती.

दिवाण उघडला. बॅगा उघडल्या. कोठी पालथी झाली. कूलरची वाळ्याची ताटी काढून तिने आत हात घातला, तर गुंडे आपणहून बाहेर उड्या मारू लागले. अर्ध्या तासात खोलीतली फरशी दिसेनाशी झाली. खिडकीतून ऊन आलं होतं आणि त्या उन्हात लोकरीचे तलम तंतू सोन्याच्या धुळीसारखे तरंगत होते…

संघपाल उंबऱ्यावरच थांबला होता.

"आत या ना."

"पाय कुठं ठेवू?" विहारात बोलावं तसं तो अगदी हळू बोलला. "मी लय घरं पाहिली, मॅडम. लोकांच्या कपाटात काय काय असते, तेही पाहिलं. असं… असं कधीच नाही पाहिलं."

हसतोय का हा? तिने चोरून पाहिलं. नाही. त्याचे डोळे लहान मुलासारखे मोठे झाले होते. तीन वर्षं या लोकरीवरून बोलणी खाणाऱ्या हर्षाने पायाजवळचे दोन गुंडे बाजूला सारून त्याला वाट करून दिली.

"रंगाप्रमाणे कप्पे करा," ती घाईघाईने म्हणाली. "हिरव्याचा एक, लालचा एक…"

तो उकिडवा बसला. एक गुंडा उचलला, चिमटीत धागा फिरवला. दुसरा उचलला. "रंगाप्रमाणे काहून? हा जाड, हा बारीक. दोन्ही एका स्वेटरात चालन का? जाडीप्रमाणे लावा. मग रंग आपोआप सापडन."

इतक्या वर्षांत हे तिला सुचलंच नव्हतं.

"आन् यातलं विणून किती झालं?"

प्रश्न साधाच होता. हर्षा मात्र खिडकीबाहेर पाहू लागली. "सुरू खूप केलं…" एवढंच ती म्हणाली.

पुढचे दहा दिवस अंगणात रंधा चालला. ती कामावरून लवकर येऊ लागली. चहा नेऊन द्यायला आई होती, तरी चहा तीच नेऊ लागली. दारांसाठी तिने मेंदीसारखा हिरवा सनमायका निवडला. त्याने त्याचा नंबर वहीत लिहून घेतला, दोनदा तपासला.

शेवटच्या दिवशी ती घरी आली, तेव्हा कपाट भिंतीला लागलं होतं. सुबक, सरळ, बिजागरीचा आवाजसुद्धा नाही. आणि दारं… विटकरी लाल.

"अवो, हिरवा सांगितला होता ना पोरीनं!" वंदनाताई म्हणाल्या.

संघपालने दाराकडे पाहिलं. मग हर्षाच्या चेहऱ्याकडे. पुन्हा दाराकडे. त्याच्या कपाळावर घाम फुटला.

"हा… हिरवा नाही का?"

त्याने हातातला फडका घडी करून खाली ठेवला.

"मले लाल आन् हिरवा वेगळा दिसत नाही," तो म्हणाला. "जन्मापासून. रेल्वेची परीक्षा पास झालो होतो, गाडी चालवाची. मेडिकलमधी ठिपक्याचं पुस्तक दाखवलं. बाकी पोरं आकडे वाचत होते… मले नुसते ठिपके. तवापासून नंबरावर काम करतो, कोणाले सांगत नाही. आज दुकानात नंबर उलटा वाचला वाटते. दारं बदलून देतो मी. माफ करा."

तो हत्यारं गोळा करू लागला. हर्षाला आठवलं, कसा तो चिमटीत धागा फिरवून बघायचा.

"थांबा," ती म्हणाली. "डोळे मिटा."

"काहून?"

"मिटा ना!"

तिने त्याच्या तळहातावर एक लडी ठेवली. त्याची बोटं हलली. "दोन पदरी. नवी." दुसरी. "ही मेंढीची नाही, सुतासारखी थंड आहे." तिसरी… तिथे मात्र तो बराच वेळ थांबला. "ही कुरळी झाली आहे. विणून उसवलेली. एकदा नाही… चार-पाच वेळा."

"सहा," हर्षा पुटपुटली. तिच्या अंगावर काटा आला होता. तीन वर्षांचं तिचं सगळं गुपित या माणसाने बोटांनी वाचलं होतं.

"काहून उसवता?"

"थोडं विणलं का चूक दिसते. मग वाटते, नवीन लोकर आणू, नव्यानं सुरू करू…"

त्याने डोळे उघडले. "माझं बरं आहे. लाकूड एकदा कापलं का उसवता येत नाही. जसं जमलं तसं पूर्ण करा लागते."

वंदनाताईंनी दारावरून हात फिरवला. "राहू द्या जी लालच," त्या म्हणाल्या. "काम लय साफ आहे."

तो गेला. आणि मग आलाच नाही. फोन केला तर दोन शब्द बोलून ठेवायचा. आपल्या नजरेतला दोष तिला कळला, आता कोणत्या तोंडाने समोर जावं, असं त्याला वाटत असणार, हे तिला उमगलं. तिने कपाट उघडलं, ती कुरळी लोकर काढली आणि सुया हातात घेतल्या. होळी गेली. पाडवा गेला. कूलर घरघरायला लागला, त्याच्या गार झोतासमोर बसून ती विणत राहिली. दोन ठिकाणी चुकलं. हात उसवायला गेला… आणि परत आला.

एप्रिलच्या एका दुपारी, बेचाळीस अंशांच्या उन्हात, ती त्याच्या कारखान्याच्या दारात उभी राहिली. तोंडाला ओढणी, हातात कागदी पिशवी.

"तुम्ही? एवढ्या उन्हात?"

"हे घ्या. डोळ्यांनी पाहू नका, हातांनी पाहा."

स्वेटर होता. छातीवर वेण्यांसारखे उठावदार पीळ, बाह्यांवर दाण्यादाण्यांची नक्षी, सगळी बोटांना कळावी अशी. तो एकेक पीळ चाचपत गेला. खांद्यापाशी बोटं अडली.

"इथं चुकलं आहे."

"हो. बाहीवरही एक आहे. राहू दिली." तिने श्वास घेतला. "पहिल्यांदाच काही पूर्ण झालं माझ्या हातून."

संघपालने तो स्वेटर सरळ डोक्यातून घातला. त्या उन्हात, त्या पत्र्याच्या शेडखाली!

"अहो, काय करून राहिले! चक्कर येईन!"

"येऊ द्या." त्याच्या कानशिलावरून घाम ओघळत होता आणि तो हसत होता. "कोणी माझ्यासाठी एवढं…" त्याने बाहीने घाम पुसला. "हर्षा, तुमच्या घरी पुन्हा यावं म्हणतो. आईले भेटाले. कपाटाच्या कामाले नाही."

हर्षाने मान खाली घातली. कानापासून गळ्यापर्यंत ती तापली.

तो वाकून तिच्या चेहऱ्याकडे निरखून पाहत होता. गोंधळून, आशेने, थोडंसं घाबरून…

"हे पाहा," तो हळूच म्हणाला, "तुम्ही लाजल्या का नाही, ते मले दिसत नाही. माझ्याशी जमवाचं असन, तर तोंडानं सांगा लागन."

हर्षाने मान वर केली. हसू ओठांत मावेना.

"लाजून राहिली ना मी!"