पहिला घोट

किराणा दुकान वडिलांवर सोडून ईश्वरी मागच्या खोलीत बरणी बघायला गेली. घाटनांदूरच्या पोरांच्या हातातली रंगीत सोड्याची बाटली सोडवायची आणि त्याजागी घरचा कोंबुचा, म्हणजे आंबवलेला चहा, द्यायचा, हे तिनं कॉलेज संपवून आल्या आल्या जाहीर करून टाकलं होतं. मैत्रिणीकडून विरजण आणलं, गोड चहात घातलं, तोंडाला फडकं बांधलं. ही पहिलीच बरणी.

तिनं फडकं सोडलं. आंबूस वास बरोबर होता. बुडबुडे होते. वर सायीसारखा पांढरा थर धरला होता, तोही बरोबर. पण कडेला एक करडा ठिपका होता. ओला असला तर नुसता गाळ, कोरडा आणि केसाळ असला तर बुरशी. मोबाइलचा उजेड पाडून तिनं पुन्हा पुन्हा पाहिलं. ठरेना. राहिली चव. तिनं स्टीलचा पेला भरला, ओठांपर्यंत नेला आणि खाली घेतला.

मग तो पेला घेऊन ती मागच्या गल्लीत भिवराबाईकडे गेली. म्हातारीचा मुलगा ऊसतोडीला गेलेला. सून मंगल गेल्या हंगामात उसाच्या फडातच वारली. घरात भिवराबाई एकटी.

"वाण्याच्या घरचं फुकट कदी आलं न्हाई बाई," म्हातारी हसली. "आज काय हाय?"

"सांध्यांना चांगलं असतं, मावशी."

"तू पिलीस?"

"हो... सकाळीच."

"मंग ठेव आत. चूळ भरून पिते."

परतताना ईश्वरीची कानशिलं तापली. घरात आई होती, वडील होते. त्यांना चाखायला द्यावं असं तिच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. आणि हीच ईश्वरी कॉलेजात ऊसतोड कामगारांच्या हक्कांवर टेबल आपटून बोलायची.

दिवेलागणीला तिनं पुन्हा फडकं सोडलं. ठिपका फुगला होता. त्यावर बारीक केस उभे होते.

ती अनवाणीच धावली. गल्लीतली लाईट गेलेली. भिवराबाई उंबऱ्यावर बसली होती. तिच्या मागच्या अंधारातून आंबूस वास येत होता, आणि त्याच्याखालून उसाच्या जळक्या पाचटाचा.

"मावशी, ते पिऊ नका..."

"म्या न्हाई पिले. मंगल पिली. लई तान लागली म्हणली."

"कोण?"

"तिला म्हणलं, पी बिनघोर. ईसरीनं आदी सोता पिऊन बगितलंय."

आत पेला जमिनीवर टेकल्याचा आवाज आला. हळूच, कुणी जपून ठेवावा तसा. म्हातारी जागची हलली नव्हती.

ईश्वरीला पळावंसं वाटलं.

"मी पिले नव्हते, मावशी," ती कशीबशी म्हणाली. ती नेमकी कुणाला सांगत होती, ते तिचं तिलाच कळेना. "मला भीती वाटली... म्हणून तुम्हाला दिलं."

आत कुणीतरी लांब श्वास सोडला.

"जा," म्हातारी म्हणाली. "पेला घेऊन ये."

भिंत चाचपत ती आत गेली. कुणी नव्हतं. चुलीजवळ पेला होता. ती तो घेऊन बाहेर आली.

"निम्मा उरलाय, मावशी..."

"तुज्या वाटचा हाय. तिनं ठेवलाय."

काठावर ओठांची ओली खूण होती. भिवराबाईचे ओठ कोरडे, भेगाळलेले. ईश्वरीला मान वर करवेना. तिनं पेला उचलला आणि खूण होती तिथंच तोंड लावलं.

काठ अजून गरम होता.