आईची कूस कोण बदलत होतं?

२०२१ सालचा मे महिना. गाव मुखेड. माझी मावसबहीण नागाबाई, तिच्या माहेरच्या घरात हे घडलं. पटलं नाही तर सोडून द्या, पण यात मी पदरचं काही घातलेलं नाही.

नागाबाईची आई सरजाबाई लकव्याने तीन वर्षं खाटेवर होती. सून अयोध्या तिचं सगळं करायची. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून घडीघडीला तिची कूस बदलायची, गुडघ्यांमध्ये जुन्या लुगड्याची घडी ठेवायची.

त्या मे महिन्यात अयोध्या कोरोनाने नांदेडच्या दवाखान्यात गेली. तिचा देहही घरी आणता आला नाही.

हे ऐकून म्हातारी जगायची नाही, अशी नागाबाईला आणि अयोध्याच्या नवऱ्याला, शिवशंकरला, धास्ती. दोघांनी ठरवलं, सांगायचंच नाही. अयोध्या निलंग्याला माहेरी गेली म्हणाले. घरात कुणी रडलं नाही. दहावासुद्धा दुसऱ्या गावी उरकला.

सेवेला नागाबाई राहिली. तिची कंबर अधू. आईला एकटीने वळवणं तिला जमत नसे. शिवशंकर दुकानातून येईपर्यंत थांबावं लागे.

एका दुपारी ती भांडी घासून आत आली...

आई दुसऱ्या कुशीवर होती.

गुडघ्यांमध्ये लुगड्याची घडी. नागाबाईने ती कधी ठेवलीच नव्हती.

"कुणी वळवलं गं, आई?"

"अयोध्यानं. तुझ्यापरीस तिचा हात हलका हाय."

ती तर निलंग्याला आहे, असं नागाबाई कसंबसं म्हणाली.

"हाव. तिथूनच आली आसंल." म्हातारीने डोळे मिटले.

मग हे रोजचंच झालं. खोलीत दुसरं कुणी नसताना, भर दुपारी.

आधी बांगड्या किणकिणायच्या...

मग खाट कुरकुरायची...

मग काहीच नाही.

नागाबाईने भावाला सांगितलं. त्याने एवढंच विचारलं, "माझं काई इचारलं का तिनं?"

एके दिवशी दार जरा उघडं होतं. आतून हलका आवाज आला...

"उचलू का, मामी?"

सासूला अयोध्या मामीच म्हणायची.

ही आईला न्यायला आली, एवढंच नागाबाईच्या मनात आलं. उंबऱ्यातूनच ती म्हणाली, "अयोध्या, बाई, तू गेलीस गं. नांदेडलाच गेलीस. माझ्या मायला नको नेऊ."

बांगड्या थांबल्या...

नागाबाईने दार ढकललं. आत कुणी नव्हतं. आई अर्धीच वळलेली, तशीच अडकून. डोळ्यांतून पाणी.

"मला पहिल्या दिसापासून म्हाईत हाय," ती म्हणाली. "तिलाच म्हाईत न्हवतं. कशाला सांगितलंस?"

त्यानंतर बांगड्या वाजल्या नाहीत. पावसाळ्यात म्हातारीच्या पाठीला जखमा झाल्या आणि दिवाळीआधी ती गेली. शेवटपर्यंत लेकीशी कामापुरतंच बोलली. शिवशंकर नायगावला राहतो, त्याने दुसरं लग्न केलं नाही. घर भाड्याने दिलंय.

नागाबाई अधूनमधून तिथं जाते. त्या खोलीत काही जाणवतं का, असं भाडेकरणीला हळूच विचारते.

काहीच नाही, म्हणते ती.

नागाबाई चहा तसाच ठेवून उठते.