साठ कूलोंबचा आकडा

मोशीच्या अलीकडे बस थांबली ती थांबलीच. पुढे कांद्याचे ट्रक, त्यांच्यापुढे कंपन्यांच्या बसगाड्या. खिडकीशी बसलेल्या योगिनीला मात्र त्याचं भान नव्हतं. तिच्या हातात निकेल चढवलेली, बोटभर लांबीची एक पितळी पट्टी होती. तिने ती वाकवली. कट्‌ असा बारीक आवाज झाला आणि एक चमकता पापुद्रा उडून शेजारच्या तरुणाच्या बाहीवर जाऊन बसला.

"अय्या... सॉरी हं!"

"असू द्या." त्याने पापुद्रा चिमटीत धरून उन्हात पाहिला. "सकाळी सकाळी चांदी उधळताय?"

"चांदी नाही, निकेल. आणि मी उधळत नाहीये, ते आपलं आपणच उडतंय. तेच तर दुखणं आहे."

त्याने "म्हणजे?" असं विचारलं आणि योगिनी बोलत सुटली. ती मूळची औशाची. दापोडीला कुसुमताई मावशीकडे राहून, गेले पाच महिने चाकणच्या लक्ष्मणरावांच्या, धातूवर निकेलचा मुलामा देणाऱ्या प्लेटिंग वर्कशॉपमध्ये लॅब सांभाळत होती. चांगलं निकेल पट्टीबरोबर वाकतं, पण गेले तीन दिवस चाचणीच्या प्रत्येक पट्टीचं निकेल तडकत होतं. आज बारा वाजता मोठ्या कंपनीच्या विजयश्री मॅडम तपासणीला येणार होत्या. काल लक्ष्मणरावांनी स्पष्टच सांगितलं होतं, "उद्या पट्टी तडकली, तर परवापास्नं येऊ नगंस."

"आणि मग?"

"मग काय... औसा." ती खिडकीबाहेर बघायला लागली.

"पण तडकतं कशानं?" त्याने विचारलं.

"ब्राइटनर जास्त झालं की तडकतं. चमक आणणारं औषध असतं ते. बेतानं पडलं तर निकेल आरशासारखं चमकतं, जास्त झालं तर पापडासारखं मोडतं."

"मग कमी टाका की!"

"मी टाकतच नाही हो! पंप टाकतो. वस्तूंवर निकेल चढतं त्या टाकीतून किती वीज गेली ते मीटर मोजतं, आणि दर हजार आकड्यांमागे पंप एक डोस सोडतो." तिने पर्समधून वही काढली. "म्हणून काल मी एक गंमत केली. प्लेटिंगच्या आधी आणि नंतर सगळ्या वस्तूंचं वजन केलं. एकशे दहा ग्रॅम निकेल चढलं होतं. निकेल किती चढलं ते कळलं, की वीज किती गेली तेही काढता येतं. साधारण तीन लाख साठ हजार कूलोंब."

"कूलोंब म्हणजे काय हो?" त्याने अगदी भाबडा चेहरा केला.

योगिनी त्याच्याकडे पूर्ण वळून बसली. "नळाखाली हंडा लावलाय असं समजा. धार किती जोरात आहे, ते अँपिअर. हंड्यात किती पाणी साठलं, ते कूलोंब. एक अँपिअरची धार एक सेकंद सोडली की एक कूलोंब."

"आणि तासभर सोडली तर?"

"तासाचे सेकंद किती?"

"छत्तीसशे."

"मग छत्तीसशे कूलोंब. त्यालाच म्हणायचं एक अँपिअर-तास. पाणी तेच. लिटरने मोजा नाहीतर हंड्याने. कळलं?"

"कळलं... पण परत एकदा सांगा."

"का?"

"सांगताना तुम्ही हात फार छान हलवता."

योगिनीने हात झटकन मांडीवर घेतले. जरा वेळाने, त्याच्याकडे न बघताच, विचारलं, "तुम्ही काय करता?"

"मी समाधान. प्लेटिंगवाल्यांकडे रेक्टिफायर बसवतो. विजेची पेटी, मीटर, सगळं."

"म्हणजे... कूलोंब तुम्हाला माहीत होता!"

"होता. पण असा नव्हता."

तिला हसू आवरेना. मग वहीकडे लक्ष गेलं आणि ती पुन्हा गंभीर झाली. "माझ्या उत्तराचे होतात शंभर अँपिअर-तास. तेवढ्यालाच मीटर दाखवतंय सहा हजार! मला वाटलं, माझंच चुकलं. तीनदा वजन केलं."

समाधान पुढे झुकला. "मीटरवर आकड्यापुढे काय लिहिलंय?"

"काहीच नाही. नुसता आकडा."

"मग तुमच्या कूलोंबांना त्या आकड्यानं भागा बरं."

तिने पेन्सिल चालवली. "साठ. एका आकड्यात साठ कूलोंब... म्हणजे एक अँपिअर, साठ सेकंद..." पेन्सिल थांबली. "अहो! हे मीटर तासात मोजतच नाहीये. मिनिटात मोजतंय! पंपाला वाटतंय तास झाले, म्हणून साठपट डोस. म्हणून सकाळी भरलेला ब्राइटनरचा डबा दुपारी रिकामा!" आनंदाने तिने टाळीच वाजवली. "कुठल्या गाढवाने बसवलंय हे? सोमवारी येऊन गेला म्हणे, मी नेमकी सुट्टीवर होते."

समाधानचे कान लाल झाले होते.

"लक्ष्मणरावांचं वर्कशॉप म्हणजे... गिरणीच्या मागं?"

"हो. तुम्हाला कसं..."

"ते गाढव मीच हाय."

बस हलली. कुरुळीचा थांबा आला, तसा तो उठला आणि त्याने वरची बॅग काढली. योगिनीला वाटलं, उतरला. पण तो बॅग मांडीवर घेऊन पुन्हा शेजारी बसला.

"माझं आजचं काम इथं होतं. पण चाकणला येतो. लक्ष्मणरावांना मीच सांगणार."

"आणि तुमची नोकरी?"

"शिव्या बसतील. तुमची जाण्यापेक्षा बऱ्या."

शिव्या बसल्याच. "आरं, अख्खी टाकी नासवलीस माझी!" लक्ष्मणराव गरजले. "आता त्या मॅडमला काय दावू?"

"काका, मला टाकीतलं एक भांडंभर पाणी द्या," योगिनी म्हणाली. "सगळी टाकी साफ करायला दोन दिवस लागतील. पण भांडंभर तर आत्ता होईल."

तिने ते हिरवं पाणी गरम केलं, त्यात कोळशाची बारीक पूड ढवळली, ब्राइटनर त्या पुडीला चिकटल्यावर गाळून घेतलं. मग त्यात नवी पट्टी सोडून वीज सुरू केली. एक अँपिअर, अर्धा तास. आता फक्त थांबायचं होतं. दोन स्टुलांवर दोघं बसली.

"अठराशे कूलोंब," समाधान पुटपुटला.

"मोजताय?"

"काय करू... तुमच्याकडे बघायची हिंमत होत नाही."

पट्टीवर हळूहळू चमक चढत होती.

"बसमध्ये गप्प बसला असतात तर?" योगिनीने विचारलं.

"कुणाला कळलं नसतं."

"मग?"

"चूक माझी, आणि तीनदा वजन तुम्ही केलंत... ते ऐकवेना मला."

विजयश्री मॅडम आल्या. योगिनीने पट्टी वाकवली. आवाज नाही. पार दुमडली. पापुद्रा नाही. मॅडमनी दुमडीवरून नख फिरवलं.

"टाकी अशी कधी होईल?"

"परवा."

"मग परवाच येते."

त्यांची गाडी गेल्यावर लक्ष्मणराव खाकरले. "पोरी, औशाला फोन लाव. म्हणावं, मी हितंच ऱ्हाती."

समाधानने पंप हजारावरून साठ हजारांवर लावला, मीटरवर ठळक अक्षरात 'अँपिअर-मिनिट' लिहिलं आणि बॅग खांद्याला लावली. योगिनी फाटकापर्यंत आली.

"आता बरोबर चालेल," तो म्हणाला. "माझं इथलं काम... संपलं म्हणायचं." बॅगेचा पट्टा उगाच घट्ट करत तो उभा राहिला. "पुन्हा काही बिघडलं, तर बोलवा."

"बिघडायची वाट बघू?"

त्याने वर पाहिलं. तिने नजर हटवली नाही.

"मला तुम्ही आवडलात," योगिनी म्हणाली. "येत जा."

"काम नसताना?"

"काम नसतानाच."