पळून जाऊ नकोस

इस्त्रीच्या टेबलाशी उभ्या असलेल्या तिने प्लग काढला आणि पत्र पुन्हा वाचलं. हातातलं पत्र बाबांचं होतं... पण अक्षर किती वाकडंतिकडं! ‘शुक्रवारी दुपारच्या लाँचने येतोय. बोलायचं आहे. पळून जाऊ नकोस.’

पत्र वाटेत रखडलं होतं. शुक्रवार आजच होता!

चार वर्षांपूर्वी बाबांचं शिवणकामाचं दुकान जळालं होतं. इस्त्री चालू ठेवून दुकानाला कुलूप लावलं होतं तिच्या धाकट्या भावाने, पण त्याचं लग्न तीन आठवड्यांवर आलेलं, तो तिच्या पायांशी बसून लहान मुलासारखा रडला, आणि ती बाबांपुढे जाऊन म्हणाली, “माझ्याकडून राहिली.” गिऱ्हाइकांचे कपडे वाचवायला आगीत शिरलेल्या बाबांचे दोन्ही हात भाजले होते, आयुष्यभर सुई चालवलेली ती बोटं कायमची आखडली. तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, “तुझं तोंड पुन्हा दाखवू नकोस!”

म्हणून ती या दूरच्या बेटावर आली, नारळीच्या बनातल्या सहा खोल्यांच्या हॉटेलात चादरी धुवायला, इस्त्री करायला. दुसऱ्याचा दोष इतकी वर्षं वागवला होता की तो तिला स्वतःचाच वाटू लागला होता; प्लग काढल्यावरही ती तीनतीनदा परत येऊन बघे.

आणि आता कुठे जगावंसं वाटू लागलं होतं! लाँच चालवणारा सारंग, बायको जाऊन सहा वर्षं झालेला अबोल माणूस, गेल्या आठवड्यात चादरींचं गाठोडं खाली ठेवून म्हणाला होता, “माझ्या घराला समुद्राकडे दोन खिडक्या आहेत. एकट्याने दोन्हींतून बघायचं म्हणजे धावपळ होते हो. तुम्ही येता का?” तिने अजून उत्तर दिलं नव्हतं.

आता बाबा धक्क्यावर उतरतील, चारचौघांत म्हणतील, ‘हिनेच माझे हात जाळले!’ आणि सारंग ते ऐकेल... त्याची नजर बदलेल... पळावं? पण कुठे? बेटावरून बाहेर जाणारी लाँच एकच, आणि बाबा येत होते तीही तीच!

भोंगा वाजला. फाशीच्या तख्ताकडे निघाल्यासारखी ती धक्क्यावर गेली. सारंगने दंडाला धरून बाबांना उतरवलं. किती थकले होते ते! तिची मान वर होईना.

“बाबा, मारायचं तर मारा... पण इथे, सगळ्यांसमोर नको!”

“मारू? कोणत्या हातांनी गं?” बाबांचा आवाज फुटला. “पंधरा दिवसांपूर्वी सगळं सांगितलं त्याने. मुलगी झालीय त्याला. तिला कुशीत घेतलं आणि ढसाढसा रडायलाच लागला... बारा वर्षं माझ्या शेजारी बसून शिवलंस, कधी एक बटण चुकवलं नाहीस. मला कळायला नको होतं? पोरी, बाप चुकला गं तुझा!”

तिने मान वर केली. “तो... तो कुठाय?”

लाँचमध्ये पोत्यांच्या आड भाऊ बसला होता, तोंड झाकून. “ताई, मी नाही उतरत. छातीच होत नाही माझी.”

चार वर्षांचा संताप तिच्या अंगात असा उसळला की तिची तिलाच भीती वाटली. मग त्याचे लटलट कापणारे गुडघे दिसले. सकाळपासून तिचेही तसेच कापत होते.

“उतर,” ती हात पुढे करून म्हणाली. “भीती मलाही वाटतेय. माफ केलं की नाही, ते आत्ता विचारू नकोस. पण उतर.”

तो उतरला. ताईचा हात त्याने दोन्ही हातांत धरला, आणि तिने तो सोडवून घेतला नाही.

जरा वेळाने बाबांनी डोळे पुसत विचारलं, “हे लाँचवाले तुझ्या ओळखीचे का गं? वाटभर माझ्यावर लक्ष ठेवून होते.”

“यांना... एक उत्तर द्यायचं राहिलंय बाबा. तुम्ही हो म्हणालात, तर मीही हो म्हणेन.”

बांधलेला दोर पुन्हा बांधता बांधता सारंग गडबडला. “अरे देवा! येताना मी यांच्यावर दोनदा ओरडलो, नीट बसा म्हणून!”

“माझ्यावर ओरडा हो, हवं तेवढं,” बाबा म्हणाले. “माझ्या लेकीवर मात्र कधी आवाज चढवू नका. ते पाप मी केलंय... तेवढं पुरे.”