गणेशवाडीला पाणी आलं नाही

१९७६ साली, संक्रांत होऊन आठवडा झाला त्या बुधवारी, पंचवटीतल्या गणेशवाडीला पाणी आलं नाही.

आजच्या वाचकांना यात विशेष वाटणार नाही. पण त्या काळी गणेशवाडीचं पाणी पहाटे साडेचारला यायचं म्हणजे यायचंच. बायका त्यावर घड्याळ लावत. नगरपालिकेचा देवराम कमरेएवढी लोखंडी चावी सायकलला आडवी बांधून यायचा, रस्त्यातलं झाकण उचलायचा, चावी घालून वॉल्व फिरवायचा आणि घरोघरचे नळ खाकरायला लागत. अकरा वर्षांत त्याने खाडा केला तो एकदाच, आई गेली तेव्हा.

सहा वाजता त्याची सायकल सापडली. गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, घाटावर, अगदी शेवटच्या पायरीला. शेजारी चपला जोडून ठेवलेल्या. देवराम नव्हता. चावीही नव्हती.

दहा वाजता त्याची बायको सुमनबाई कोर्टामागच्या गल्लीतल्या एका खोलीच्या दारात उभी होती. खोलीवर पाटी होती, ‘कर्जदारांना मोफत कायदेशीर सल्ला’. आदल्या वर्षी कायदा झाला होता. गरिबांची सावकाराकडची कर्जं माफ, आणि सावकाराने अडकवून ठेवलेल्या वस्तू, कागद परत. पण त्या कायद्यापर्यंत पोचायचं कसं, हे वॉल्व फिरवणाऱ्या माणसाला कोण सांगणार? म्हणून गायधनी वकिलांनी ही खोली उघडली होती. तिथे टायपिंगला वत्सलाबाई दोंदे होत्या आणि वरकामाला पेठकडचा सोमा.

सुमनबाई आत आली आणि खाली बसली. रडली नाही.

“फौजदार म्हणतात, कर्जापायी जीव दिला.”

“तुम्हाला काय वाटतं?” वत्सलाबाईंनी विचारलं.

“मरायचं असतं तर आधी पाणी सोडलं असतं ह्यांनी. मग गेले असते.”

वत्सलाबाईंनी टाइपरायटरवरचं फडकं काढता काढता हात थांबवला. हे वाक्य फौजदाराने ऐकून घेतलं नव्हतं, हे उघड होतं.

देवरामचा अर्ज सोमवारीच टाइप झाला होता. सुनावणी शुक्रवारी. पुंजाराम नावाचा माणूस नगरपालिकेच्या लोकांना व्याजाने पैसे द्यायचा आणि कोऱ्या स्टॅम्पपेपरवर सह्या घेऊन ठेवायचा. देवरामच्या सहीचे असे दोन कागद त्याच्याकडे होते. त्यावर उद्या कुणी घराचं खरेदीखत लिहिलं असतं, तरी देवरामला बोलायला तोंड नव्हतं. अर्जाच्या शेवटी मात्र देवरामने एक ओळ घालायला लावली होती. पैसे पुंजाराम वाटतो, पण ते त्याचे नाहीत. खऱ्या मालकाला मी पाहिलं आहे. नाव सुनावणीच्या साहेबांसमोर सांगेन.

“आत्ताच सांग ना रे,” वकील म्हणाले होते.

“शुक्रवारी सांगतो साहेब,” एवढंच देवराम म्हणाला होता. मान खाली घालून.

आणि बुधवारी तो नाहीसा झाला.

“वत्सलाबाई,” वकिलांनी आवाज खाली आणला, “अर्ज सुनावणीआधी बाहेर कुणाला माहीत नसतो. चारही प्रती माझ्या कपाटात. चावी माझ्या जानव्याला. मग पुंजारामला कळलं कसं?”

“ही पहिली वेळ नाही साहेब. शकुबाईचंही असंच झालं.”

शकुबाई विड्या वळायची. पंधरवड्यापूर्वी तिने अर्ज केला आणि तिसऱ्या दिवशी येऊन काढून घेतला. कारण सांगितलं नव्हतं. दुपारी वत्सलाबाई भद्रकालीत तिच्या घरी गेल्या. शकुबाईने मांडीवरचं तंबाखूचं सूप बाजूला सारलं नाही.

“अर्ज का मागे घेतला?”

“पोरगी लग्नाची हाय माझी. तो दारात येऊन तिच्याकडं बघत उभा राहिला.”

“पुंजाराम? काय म्हणाला?”

“म्हणाला, कोर्टात खोटं लिवती का? नऊ वर्सं झाली पैसे घेऊन, अन् अर्जात सातच लिवलीस.”

“सात म्हणाला? नक्की?”

“बाई, मला शाळा नाय, पण कान हायेत.”

वत्सलाबाई परत आल्या, वकिलांकडून कपाट उघडून घेतलं आणि शकुबाईच्या अर्जाच्या प्रती टेबलावर मांडल्या. चारही प्रतींवर टाइप केलेला ‘सात’ खोडून वर निळ्या शाईने ‘नऊ’ लिहिलेलं होतं. अक्षर त्यांचंच. चूकही त्यांचीच. शकुबाईचा अंगठा घ्यायच्या आधी, कागद खोलीबाहेर जायच्या आधी त्यांनी ती सुधारली होती.



वकिलांनी तोवर आपला संशय पक्का केला होता. त्यांनी दार लोटून सोमाला समोर उभं केलं.

“काल संध्याकाळी पुंजारामच्या घरी गेला होतास. खरं की खोटं?”

“खरं.”

“कशाला?”

सोमाने हात खिशात घातला.

“किती दिले त्याने?”

“त्यानं नाय दिलं साहेब. मीच दिलं. बारा रुपयं.” सोमाने खिशातून हात काढला, तो रिकामाच होता. “माझं रेशनकार्ड हाय त्याच्याकडं. दर महिन्याला बारा देतो तवा चार दिवस वापराया देतो.”

“या खोलीत काम करतोस, आणि स्वतःचा अर्ज केला नाहीस?”

“तुमी म्हनाला असता, कर्जबाजारी मानूस कपाटापाशी नको.”

वकिलांची नजर खाली गेली. तरी ते म्हणाले, “उद्यापासून येऊ नकोस.”

“साहेब, सोमाला वाचता येत नाही,” वत्सलाबाई म्हणाल्या. “आणि ज्याने सांगितलं त्याने आपली एकही प्रत पाहिलेली नाही. मला एक दिवस द्या.”

“एक दिवस देवरामकडे आहे का, ते विचारा.”

दाराबाहेर ओट्यावर सुमनबाई सकाळपासून बसून होती.

चार वाजता नेहमीप्रमाणे सावळीरामआप्पा आले. कोर्टाच्या आवारात कडुनिंबाखाली त्यांची पेटी असे. स्टॅम्पपेपर विकायचे. पांढरी टोपी, जाड चष्मा, साठीचा माणूस. या सल्ला केंद्राला कागद आणि कार्बनपेपर ते फुकट पुरवत. ‘गरिबाच्या अर्जाची प्रत पुसट नको, दर अर्जाला नवा कार्बन लावा,’ हा त्यांचा आग्रह. वापरलेले ते घरी नेत. सुनेला अभ्र्यांवर भरतकामाची नक्षी उतरवायला लागतात म्हणून. रोज घटकाभर बाकावर बसत, आलेल्यांची विचारपूस करत. सोमवारीही देवरामला त्यांनीच पाणी दिलं होतं.

“धीर धर, पोरी,” ते सुमनबाईला म्हणाले. “गंगामाई कुणाला ठेवून घेत नाही. आज ना उद्या वर देतेच.”

सुमनबाईने पदर तोंडात धरला.

“आप्पा,” वत्सलाबाईंनी खणातून एक पुडकं काढलं, “हे आमचे पूर्वीचे कार्बन. आठ-आठ वेळा वापरलेले. सूनबाईंना होतील.”

आप्पांनी एक कार्बन उजेडाकडे धरून पाहिला आणि पुडकं बाकावर ठेवलं. “यांत जीव नाही राहिला बाई. आजचं काही असेल तर द्या.”

“आज काही टाइप झालं नाही. उद्या सकाळी देते.”

आप्पा गेल्यावर वत्सलाबाई वकिलांना आणि सुमनबाईला घेऊन फौजदाराकडे गेल्या. आत काय बोलणं झालं ते चौकीच्या ओट्यावर बसलेल्या सुमनबाईला कळलं नाही. बाहेर येताना फौजदार एवढंच म्हणाले, “पुंजाराम सकाळपासून घरी नाही, हे मात्र खरं. पण बाई, चुकलात तर माझी टोपी जाईल.”

“माझी चूक झाली तर या बाईचं कुंकू जाईल,” वत्सलाबाई म्हणाल्या.

गुरुवारी सकाळी त्यांनी नवा कार्बन लावून एकच पत्र टाइप केलं. प्रती वकिलांच्या कपाटात गेल्या. कार्बन बाकावर राहिला. आप्पा आज अकरालाच आले, कार्बन घडी न घालता वहीत ठेवला आणि गेले.

साडेअकराला कडुनिंबाखालची पेटी बंद झाली. सावळीरामने टांगा केला. मखमलाबादच्या रस्त्याला, एका द्राक्षबागेच्या फाटकाशी तो उतरला. मागून साध्या वेषातले दोन पोलीस सायकलवर होते, त्यांच्या मागे फौजदार.

बागेत औषधाची पिंपं ठेवायची एक खोली होती. सावळीराम आत शिरला तेव्हा पुंजाराम दाराशी होता; त्याने आतून दार लोटून घेतलं. आतून आप्पांचा आवाज आला, तसा कोर्टात तो कुणी ऐकला नव्हता.

“सही नसेल करत तर राहू दे. आजच हलवा याला. आणि या खेपेला नीट.”

फौजदारांनी दार ढकललं.

देवराम पिंपाला बांधलेला होता. डावा कान रक्ताने चिकटला होता. समोर मंगळवारची तारीख टाकलेला, अर्ज मागे घेत असल्याचा कागद, खाली सहीची जागा रिकामी. पाण्याची लोखंडी चावी कोपऱ्यात होती. तिनेच त्याला मारलं होतं.

संध्याकाळी चौकीत सावळीराम टोपी मांडीवर घेऊन बसला होता. वकील होते, सोमाला मुद्दाम बोलावून आणलं होतं. सुमनबाई इस्पितळात नवऱ्यापाशी होती.

“मी त्या बागेत द्राक्षं बघायला गेलो होतो,” सावळीराम म्हणाला. “पुंजारामने तिथं कुणाला बांधलंय, मला काय ठाऊक?”

“मग पोलीस येणार हे कुणी सांगितलं तुम्हाला?” वत्सलाबाईंनी विचारलं.

“कोण म्हणतं सांगितलं?”

“मी सकाळी टाइप केलेलं पत्र फौजदारसाहेबांच्या नावाने होतं. देवरामला कुठे ठेवलंय ते कळलं आहे, दुपारी तीनला झडती घ्यावी. खोटं होतं ते. मला काहीच कळलं नव्हतं. पत्र कपाटाबाहेर गेलं नाही. बाहेर गेला तो कार्बन, आणि तो तुमच्या वहीत आहे.”

फौजदारांनी वही उघडली. कार्बन खिडकीकडे धरला. ओळ न् ओळ वाचता येत होती.

“आम्ही गरीब केंद्र,” वत्सलाबाई म्हणाल्या. “एक कार्बन जाळी होईतो वापरायची मला सवय. आठ पत्रं एकावर एक बसली की त्यात कुणाला काही वाचता येत नाही. तुम्ही दर अर्जाला नवा द्यायला लागलात. म्हणजे एका कार्बनवर एकच अर्ज.”

“पुण्य केलं ते पाप झालं का?”

“शकुबाईच्या अर्जात मी नऊच्या जागी सात टाइप केलं. चारही प्रतींवर हाताने सुधारलं. पुंजारामने तिला सात म्हणून सुनावलं. प्रत पाहिली असती तर नऊ म्हणाला असता. सात राहिलं होतं फक्त कार्बनवर. कार्बन कुणी सुधारत नाही.”

सावळीरामने चष्मा काढला.

“तरीही म्हटलं, खरोखर सुनेसाठी नेत असाल, कुणी घरातून चोरत असेल. म्हणून काल जुनं पुडकं दिलं. आप्पा, नव्या कार्बनने कापड काळं होतं. नक्षी उतरवायला बायका जुना, उतरलेलाच कार्बन मागतात. तुम्ही तो उजेडात धरून परत केलात.”

“कार्बन पुंजारामला विकला असेल यांनी,” वकील म्हणाले. “पण मालक हेच, कशावरून?”

“देवराम पहाटे चारला रस्त्यावर असतो, साहेब. वसुली करून पुंजाराम कुणाच्या दारात जातो, हे पाहणारा गावात तोच एक जागा माणूस. पण सोमवारी त्याने आपल्याला नाव सांगितलं नाही. आपल्यावर विश्वास ठेवून अर्ज करणारा माणूस नाव का लपवील? खोलीत आपण तिघं होतो, आणि बाकावर आप्पा होते.”

सावळीरामने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

“मी कुणाच्या घरी पैसे घ्या म्हणून गेलो नव्हतो,” सावळीराम शेवटी म्हणाला. “तेच यायचे.”

“आणि कोरे स्टॅम्पपेपर?”

त्याच्या घरी ते पेटीभर सापडले. खाली सह्या, अंगठे. वर सगळं कोरं. देवरामचे दोन, शकुबाईचा एक, सोमाचाही एक.

शुक्रवारी देवराम डोक्याला पट्टी बांधून साहेबांसमोर उभा राहिला आणि त्याने नाव सांगितलं. त्याच्यामागे शकुबाई उभी होती. शकुबाईच्या मागे रांग होती.

सावळीरामला पाच वर्षांची सजा झाली. तुरुंगातून सुटला तेव्हा सुनेने त्याला घरात घेतलं, पण जेवायला वेगळं वाढायची. १९८२ साली तो गेला. देवरामचा डावा कान कायमचा गेला. सुमनबाई पुढे जन्मभर त्याच्या उजव्या हाताला बसून बोलायची. नव्या महापालिकेतून तो मुकादम म्हणून निवृत्त झाला.

सोमा पेठला परतला तो पुन्हा आलाच नाही. पुढच्या पावसाळ्यात गायधनी वकील एसटीने त्याच्या पाड्यावर गेले. सोमाच्या बायकोने नागलीची भाकरी वाढली. जेवण होईतो दोघं भातलावणीबद्दल बोलले. उठताना वकिलांनी हात जोडले, तेव्हा सोमा म्हणाला, “राहू द्या साहेब. तुमची येस्टी जाईल.” वकील वारले तेव्हा केंद्र बंद पडलं. वत्सलाबाईंनी नंतर कोर्टातच टायपिस्ट म्हणून नोकरी केली आणि या प्रकरणाबद्दल कुणी विचारलं तर विषय बदलला.

पुंजारामला दोन वर्षांचीच सजा झाली. तो मारणारा होता, पण सगळं सावळीरामच्या सांगण्यावरून केलं, असं त्याच्या वकिलाने पटवलं. पुढे त्याचं नाव कुणाच्या कानावर आलं नाही. १९८३ साली शकुबाई लेकीकडे मालेगावला गेली होती. यंत्रमागांच्या गल्लीत पगाराच्या दिवशी तिला तो दिसला. अंगात धुवट सदरा, काखेत कातडी पिशवी. तो आला तसे पायरीवर बसलेले कामगार एकेक करून उभे राहिले.

शकुबाईने पदर पुढे ओढला आणि नातवाचा हात धरून दुसऱ्या गल्लीने घरी गेली.