बशीतल्या स्प्रिंगा

मूर्खपणा माझाच. कुणाचा तरी वापरलेला, दणकट जुना कीबोर्ड हौसेनं विकत आणला आणि फोटो न काढताच त्याच्या बटणांवरच्या सगळ्या टोप्या उपटून साबणाच्या पाण्यात टाकल्या. आता कुठली टोपी कुठं बसते ते आठवेना. रोज बटणं बडवून पोट भरणारी बाई मी, पण जे बोटांना ठाऊक होतं ते डोक्याला सांगता येईना. डोकं कधीपासून रजेवर आहे, असं लेकीनं काळजीनं विचारलं.

शेवटी काकांना बोलावलं. ते आले, जेवले, चष्मा पुसून पसारा बघितला.

"आतल्या स्प्रिंगा नाही ना काढल्यास?"

नाही म्हटलं.

"रात्रीच्या काढू नकोस."

का, म्हणून लेकीनं विचारलं. बाहेर गल्ली निजलेली. काका एकेक टोपी पुसत बोलू लागले.

त्यांच्या ऑफिसात मशिनं दुरुस्त करणारा एकजण होता. सगळे त्याला नटबोल्ट म्हणायचे. नटबोल्टची बायको आजारी पडली. आजार बरा झाला, पण झोप गेली ती गेलीच. जरा डोळा लागला की दचकून उठायची. ती जागी म्हणून हाही जागा. दिवसा ऑफिस, रात्री तिचं उशापायथं. गडी इतका शिणला होता की जिना चढताना मधेच भिंतीला टेकून उभा राहायचा, आणि आपण वर चाललोय की खाली, हे विसरायचा.

जानेवारीतला शेवटचा शनिवार. डॉक्टर म्हणाले, आजची रात्र बघा, नाही झोपल्या तर सकाळी भरती करू. बायकोची आई अशीच दोन दिवसांसाठी म्हणून भरती झाली होती, ती घरी आलीच नाही. बायको रडली नाही, भांडली नाही. तिनं नुसतं सांगितलं, "तिथं नेलंत तर मी परत येणार नाही."

नटबोल्ट औषध आणायला बाहेर पडला. रात्री दोनला एक गोळी द्यायची होती. आपण आडवे झालो तर तोफा डागल्या तरी उठणार नाही, हे तो ओळखून होता. हाताला काही काम हवं. वाटेत जुन्या सामानाचं दुकान लागलं, तिथं त्यानं एक कीबोर्ड उचलला. बंद पडलेल्या ऑफिसातला आहे, दुकानदार म्हणाला, एक बाई वर्षानुवर्षं रात्रपाळीला यावरच काम करायच्या. त्या बाई आता कुठं असतात, हे विचारायचं नटबोल्टला सुचलं नाही.

त्याचा एक नेम होता. कुठलंही मशीन उघडण्याआधी एकदा चालवून बघायचं. कुणाचं काय अर्धवट राहिलंय ते कळतं म्हणे. त्या रात्री मात्र त्यानं तो नेम मोडला. बायको आत नुकतीच पडली होती, आणि त्या बटणांचा आवाज म्हणजे पत्र्यावर गारा. तसाच उघडला.

स्वयंपाकघरातलं टेबल, खाली टॉवेल घातलेला. समोरच्या खुर्चीवर धुतलेल्या कपड्यांचा ढीग. घड्या घालायचं त्राण दोघांतही नव्हतं. चिमट्यानं एकेक स्प्रिंग काढायची, बशीत ठेवायची. साडेबारा वाजून गेले. शेवटची निघाली. सगळी बटणं मान टाकून खाली बसली. आतली स्प्रिंग गेली की बटण वर येत नाही, आणि वर आल्याशिवाय वाजत नाही. पोरींनो, एवढं लक्षात ठेवा.

त्यानं डोळे चोळले.

टक्.

पेंग आली असेल, त्याला वाटलं.

टक्... टक्.

त्यानं बशीकडे पाहिलं. स्प्रिंगा बशीतच. कीबोर्डची वायर गुंडाळून बाजूला.

मधलं एक बटण वर आलं. सावकाश. आणि खाली गेलं.

मग शेजारचं.

मग लागलंच. टकटक टकटक... थांबायचं. परत टकटक. जसं कुणी दमलेलं माणूस काम उरकतंय. घाई नाही. राग नाही. नुसतं उरकतंय...

नटबोल्टला ओरडता येईना. ओरडला तर ती उठेल. ती उठली तर सकाळी...

त्यानं हात जोडले. तोंडातल्या तोंडात म्हणाला, "बाई, आवाज नको. ती उठेल."

थांबलं.

एकदम.

फ्रिजची घरघर तेवढी...

आणि आतून बायकोचा आवाज आला, झोपेनं जड झालेला. "का थांबलात? आत्ता कुठं डोळा लागला होता."

नटबोल्ट दारात उभा. पुढं अंधारात बायको. मागं टेबल. मागं वळून न बघता तो बोलला.

"बाई... चालू द्या."

...

टक्.

दोनला तो गोळी घेऊन आत गेला. ती गाढ झोपली होती, तोंड उघडं टाकून. त्यानं उठवलं नाही. टेबलाकडे काही परत गेला नाही. उंबऱ्यापाशी खाली बसला आणि पाठीमागं ते टकटक ऐकत, भीत भीत, बसल्या बसल्या झोपून गेला.

जाग आली तेव्हा उजाडलं होतं. बायको चहा गाळत होती. भरतीचं नाव निघालं नाही, पुढंही कधी निघालं नाही. ती म्हणाली, "रात्रभर काम केलंत ते केलंत, वर घड्या कशाला घालत बसलात?"

समोरची खुर्ची रिकामी. टेबलाशी ओढून घेतलेली. कपडे कडेला रचलेले. शर्टांच्या बाह्या मागं दुमडून, कॉलरवर कॉलर. तशी घडी त्याला येत नव्हती. तिलाही नाही.

काका थांबले. लेक माझ्या अंगाला कधी चिकटली ते मला कळलं नव्हतं. कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं, म्हणून मीच म्हणाले, त्या बाईंना आमच्याकडेही पाठवा, तीन खुर्च्या भरून कपडे पडलेत.

काकांनी टोपी बसवून वर बोटानं दाबून बघितली.

"त्या येतात दमलेल्या माणसाकडे," ते म्हणाले. "तू आळशी आहेस."