दोन यंत्रांचे गवत

अहवालात लिहिले होते : कापणी शंभर टक्के, गवताची सरासरी उंची तीस मिलिमीटर. डॉ. अरुंधती खांबेटे यांनी तो दोनदा वाचला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला आणि प्रयोगशाळेच्या खिडकीतून खाली पाहिले. उजव्या भूखंडावर गुडघ्याएवढे गवत वाऱ्यावर खुशाल डुलत होते.

"इम्तियाज, आपल्यापैकी कोणाला तरी दिसत नाहीये," त्या म्हणाल्या. "मला, नाहीतर तुझ्या यंत्राला."

इम्तियाज मुजावर संस्थेचा यंत्रदृष्टी-अभियंता होता. दोन महिन्यांत त्याने नव्या कापणीयंत्राचा कॅमेरा तीन वेळा बदलला होता. "यंत्र ठणठणीत आहे, मॅडम. कार्यशाळेत गवताचा पट्टा अंथरला की सफाचट करतं. इथं आलं की त्याला काय होतं, देव जाणे."

"देवाला मध्ये आणू नकोस. त्याच्याकडून लेखी काही मिळत नाही."

सासवडजवळच्या पठारावरील या संस्थेत 'त्वरा-७' नावाचे गवत वाढवले जात होते. शाळांच्या उघड्याबोडक्या मैदानांसाठी कमी पाण्यावर तगणारे वाण हवे होते. म्हणून त्वराच्या पेशींमध्ये दोन गोष्टी मुद्दाम घातल्या होत्या : बी पेरल्यापासून बी धरेपर्यंत जेमतेम तीन आठवडे, आणि प्रत्येक पिढीत भरपूर फेरबदल. त्यातून निवड करणे सोपे जाते. उजव्या भूखंडावर स्वयंचलित नवे यंत्र फिरे. डाव्या भूखंडावर माणसाने मागून ढकलत न्यायचे, पेट्रोलवर चालणारे जुने यंत्र होते. ते भंगारात काढायला अरुंधतीबाईंनीच विरोध केला होता. नव्याची परीक्षा घ्यायची तर शेजारी जुने चालू हवे, हा त्यांचा आग्रह. जुन्याच्या पात्याला डोळे नव्हते. समोर येईल ते कापणे एवढेच त्याला ठाऊक. तुलनेला याहून निष्पक्ष साक्षीदार कुठून आणणार?

दोघे खाली उतरले तेव्हा किसन बोऱ्हाडे हे संस्थेचे जुने माळी यंत्राची दोरी ओढत होते. वेगाच्या केबलच्या जागी त्यांनी सायकलची ब्रेकवायर बसवली होती. सहाव्या ओढीला इंजिन खोकले आणि धडधडू लागले.

"काय इम्तियाजभाऊ, तुमची नवरी आज पण रुसली?" बोऱ्हाडे ओरडून म्हणाले. "आमची म्हातारी बघा. नखरा नाही."

"म्हातारीचा धूर बघा आधी, मामा," इम्तियाज म्हणाला.

नवे यंत्र उजव्या भूखंडावर मुकाट्याने सरकत होते. एका उंच झुबक्यापासून वीतभर अंतरावर ते थबकले, त्याला वळसा घालून पुढे गेले. अरुंधतीबाई वाकल्या. त्या झुबक्याचे खोड जाड, तांबूस, किंचित तेलकट होते. बुंध्याशी पाच फुटवे एकमेकांना लागून उभे होते. इम्तियाजने हातातल्या पडद्यावर यंत्राची नोंद उघडली आणि तो गोंधळून पाहतच राहिला.

"काय म्हणतंय?"

"'अडथळा, मानवी पाय. खात्री चौऱ्याण्णव टक्के.' अडथळ्याची जागा कापायच्या क्षेत्रातून वजा होते, मॅडम. म्हणून अहवालात शंभर टक्के."

"आणि दुसरे झुबके?"

त्याने नोंदी सरकवल्या. "पाय. पाय. पाय. हात. पाय. पण हे कसं शक्य आहे? गवताला काय ठाऊक, यंत्र कशाला घाबरतं?"

"गवताला काहीच ठाऊक नाही. कापलेल्या रोपालाही बी धरतं, पण चिमूटभर. सुटलेल्याला त्याच्या शंभरपट. पहिल्या पिढीत एखादं रोप तुझ्या यंत्राला कणभर पायासारखं वाटलं असेल. ते सुटलं. त्याच्या पोरांतलं जे अधिक वाटलं, ते अधिक सुटलं. चौदा महिन्यांत वीस-बावीस पिढ्या झाल्या. यंत्र गवत कापत नव्हतं रे, निवडत होतं. आपण कणसं निवडतो तसं."

दुपारी संचालकांचा निरोप आला. यंत्राची संशयसीमा वाढवावी, आणि तशी शिफारस डॉ. खांबेटे यांनी सही करून द्यावी. समोर मानवी अवयव असल्याची खात्री साठ टक्क्यांवर गेली की यंत्र थांबे. ती सीमा पंचाण्णव करायची होती, म्हणजे झुबके कापले जातील.

"हीच सुधारणा आपण तीनशे शाळांना दिलेल्या यंत्रांत जाणार?" त्यांनी इम्तियाजला विचारले.

"हो, आपोआप."

"चिखलानं माखलेल्या, अनवाणी पोराच्या पायाला यंत्र किती टक्के देतं?"

इम्तियाजने पडद्यावर जुन्या चाचणीची नोंद शोधली. "एक्क्याण्णव," तो म्हणाला.

त्यांनी सही केली नाही. त्यांच्याकडे दुसरा, साधा उपाय होता : उजवा भूखंड खणून काढायचा आणि डाव्यावरचे बी तिथे पेरायचे. आंधळ्या पात्याखाली वाढलेल्या गवताने कोणाला फसवायला शिकण्याचे कारण नव्हते.

दुसऱ्या दिवशी बी गोळा करायला त्या डाव्या भूखंडावर गेल्या. बोऱ्हाडे यंत्र ढकलत येत होते. मध्येच त्यांनी मूठ दाबून यंत्र तिरके केले, एका हिरव्या पुंजक्याला बगल दिली आणि पुन्हा रेषेत आले. पुढे दहा पावलांवर पुन्हा तेच.

"मामा, हे काय करताय?"

"दूर्वा आहे बाई. तिच्यावरून पातं कसं फिरवायचं? मंगळवारी वाडीतल्या बायका येतात खुडायला."

"कधीपासून असं?"

"असं म्हणजे? पहिल्यापासून. औंदा लई माजलीय."

अरुंधतीबाईंनी तीन पात्यांचा एक शेंडा खुडून भिंगाखाली धरला. दूर्वेच्या पानाच्या तळाशी बारीक केसांची झालर असते. इथे नव्हती. त्यांनी दुसरा शेंडा घेतला, मग तिसरा. तेरा पुंजक्यांपैकी बारा त्वरा-७ चे निघाले. वाडीतला गणपती गेले वर्षभर प्रयोगशाळेतले गवत स्वीकारत होता.

पाते आंधळे होते. ते ढकलणारा माणूस नव्हता. एवढी उघड गोष्ट आपल्या ध्यानात कशी आली नाही, याचा त्यांना राग आला आणि तो काढायला जागा सापडेना.

"म्हणजे निर्दोष बी कुठंच नाही?" इम्तियाजने विचारले.

"जिथं कोणी काही वाचवतो, तिथं नाही." त्यांनी दोन्ही भूखंडांकडे आळीपाळीने पाहिले. "पण यंत्राला दूर्वा कळत नाही, आणि मामा या झुबक्यांना पाय समजत नाहीत. दोन्ही भूखंडांवर दोन्ही यंत्रं फिरव. आज नवं, उद्या जुनं. जे एकाला फसवेल, ते दुसऱ्याच्या पात्याखाली जाईल."

उपाय लागू पडला. महिन्याभरात दोन्ही भूखंड सपाट झाले. संशयसीमा साठावरच राहिली, शाळांनाही जुनी यंत्रे बाळगायला सांगण्यात आले. आता म्हातारी बंद पडली असती तर सगळेच अडले असते. तिला हसणाऱ्या इम्तियाजने तिच्यासाठी स्वतः लेथवर चाकाच्या आसाचा बुश कातून दिला, आणि बोऱ्हाडे दर शनिवारी कानशीने पात्याला धार लावताना त्याला प्लग साफ करायला बसवू लागले. असे वर्ष गेले.

मग श्रावणातल्या एका सकाळी डाव्या भूखंडावरचे इंजिन एकदम बंद झाले.

अरुंधतीबाई धावत पोहोचल्या तेव्हा बोऱ्हाडे दांडी सोडून चार पावले मागे सरकले होते. चेहरा पांढराफटक. "कोण तरी पडलंय बाई. पोर आहे."

गवतातून एक लहान पाऊल बाहेर आले होते. टाच, घोटा, वळलेली बोटे. इम्तियाज पुढे झेपावला, त्याने गवत बाजूला केले आणि तसाच उकिडवा बसून राहिला. पावलाला पुढे काही नव्हते. घोट्याच्या वर ते फिकट होत होत हिरवे झाले होते आणि कडेला बारीक तुरे धरले होते.

"हे दोघांनाही कसं फसवतं?" त्याने विचारले.

उत्तर अरुंधतीबाईंना त्याच क्षणी कळले, वर्षभर का कळले नाही हे मात्र कळेना. "आपणच सांगितलं त्याला. दूर्वा दाखवून यंत्रापासून सुटका नाही. यंत्रापुरता पाय दाखवून मामांपासून नाही. दोघंही जे वाचवतात तेवढंच उरणार होतं. दोघं मिळून वाचवतात अशी गोष्ट एकच आहे."

पलीकडे आणखी चार ठिकाणी गवत तसेच उंचावलेले दिसत होते.

बोऱ्हाड्यांनी कपाळ पुसले. "मग मला नीट सांगा बाई. पाय दिसला तरी थांबायचं नाही, असं म्हणताय का?"

यंत्राला जी मुभा द्यायला त्यांनी नकार दिला होता, तीच आता एका माणसाला द्यायची होती. आणि याचा पडदा उघडून कुठली सीमा वाढवायची, हेही कोणाला ठाऊक नव्हते.

"थांबायचं," त्या म्हणाल्या. "दर वेळी थांबायचं. हात लावून बघायचं, आणि गवत असेल तर उपटायचं."

"हां, हे जमेल. हाताला बरोबर कळतं."

ते गुडघ्यावर बसले. बोऱ्हाड्यांच्या तळहातालाही फसवायला गवताला वीस पिढ्या पुरतील की पंचवीस, हा हिशेब अरुंधतीबाई मनातच करत राहिल्या. बोऱ्हाडे बोटांनी ती टाच चाचपत होते. चाचपणे लांबले. त्यांनी हात बदलला.

"कळलं का, मामा?"

"कळलं," ते म्हणाले. "आजच्याला तरी गवतच आहे."